आधी दुसरी प्रत, मग कुलूप

"मी इंदिरानगरला राहते आणि घरूनच जीएसटी व आयकराची रिटर्न्स भरण्याचं काम करते. पंचवटीतले काही दुकानदार, सातपूर-अंबडचे छोटे वर्कशॉपवाले, दिंडोरीकडचे दोन-तीन द्राक्ष बागायतदार अशी माझी गिऱ्हाइकं. मागच्या महिन्यात द्वारका चौकातून नाशिकरोडला जाताना पर्समधला पेनड्राइव्ह कुठेतरी पडला. त्यात लोकांची पॅन, आधार, बँक स्टेटमेंट्स होती. तेव्हापासून झोप नाही. भाचा म्हणतो, अख्खा लॅपटॉप व्हेराक्रिप्ट या फुकट सॉफ्टवेअरने बंद करून टाक. दुकानदार म्हणतो, बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं स्वतःचं कुलूप, हवं तर विंडोजची प्रो आवृत्ती विकत घ्या. त्यातच सी ड्राइव्ह भरून लाल झालाय आणि डी मध्ये भरपूर जागा पडून आहे. एका ओळखीच्याने पार्टिशनचं, म्हणजे डिस्कचे भाग लहानमोठे करायचं, पैशाचं सॉफ्टवेअर क्रॅक केलेलं पाठवलंय, ते अजून टाकलेलं नाही. जुन्या कामाची १ टीबीची बाहेरची हार्ड डिस्क मधूनच टिकटिक करते. फार खर्च जमणार नाही. फुकटात काय करता येईल? आणि पासवर्ड मीच विसरले तर?"

एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

ताई,

तुमचा शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे, म्हणून उत्तर तिथूनच सुरू करतो. बँकेचा पासवर्ड विसरला तर ओटीपी येतो, नाहीतर शाखेत जाऊन फॉर्म भरता येतो. एनक्रिप्शनच्या, म्हणजे पासवर्डशिवाय वाचताच येऊ नये अशी माहिती बंद करण्याच्या, खऱ्या साधनांमध्ये अशी सोय नसते. व्हेराक्रिप्ट बनवणाऱ्यांनाही तुमची फाइल उघडून देता येत नाही, आणि त्यांना ती उघडता येत नाही म्हणूनच त्या साधनावर भरवसा ठेवायचा. पण याचा दुसरा अर्थ असा की पासवर्ड गेला किंवा डिस्क बिघडली, तर चोर राहिला बाजूला, तुम्हीच तुमच्या कामाला मुकाल. म्हणून माझा आग्रह क्रमाचा आहे. आधी डिस्क धडधाकट आहे का ते बघा, मग दुसरी प्रत काढा, ती प्रत उघडून पाहा आणि त्यानंतरच एनक्रिप्शनला हात घाला. भाच्याचा सल्ला खोटा नाही. फक्त शेवटी करायचं काम तो आधी करायला सांगतोय.

त्याआधी हरवलेल्या पेनड्राइव्हचं. जवळच्या पोलीस ठाण्यात गहाळ झाल्याची नोंद करा आणि ज्यांची कागदपत्रं त्यात होती त्या प्रत्येकाला स्वतः फोन करून सांगा. अवघड आहे, पण त्यांना दुसरीकडून कळण्यापेक्षा तुमच्याकडून कळलेलं बरं. २०२३ च्या डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायद्याचं तत्त्वही हेच आहे: ज्याच्याकडे लोकांची माहिती आहे त्याने ती जपायची, आणि ती फुटली तर लोकांना कळवायचं. आधारचं बायोमेट्रिक लॉक कसं करायचं ते त्यांना दाखवा, आधारच्या संकेतस्थळावरून ते फुकट होतं. कुणाच्या खात्यातून पैसे गेलेच, तर वेळ न घालवता १९३० या क्रमांकावर तक्रार करायला सांगा.

"आधारच्या पीडीएफला पासवर्ड होता ना" असं मनाला समजावत असाल, तर त्यावर विसंबू नका. ई-आधारचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मसाल. आपण फाइलला नाव देतो ते गिऱ्हाइकाचंच, आणि जन्मसाल शेजारच्या पॅनच्या फोटोवर छापलेलं असतं. अशी फाइल उघडीच समजायची.

क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर आजच पुसा. उघडून बघू नका, "अँटिव्हायरस बंद करून टाका" असं कुणी सांगितलं तर मुळीच नाही. पार्टिशनच्या सॉफ्टवेअरला लॅपटॉपवरचा सगळ्यात वरचा अधिकार द्यावा लागतो. ज्या अनोळखी माणसाने त्यात फेरफार केला, त्याच्या हाती आपण संपूर्ण मशीन सोपवतो, आणि त्याच मशीनवर तुम्ही लोकांच्या आयकर खात्यांत लॉगिन करता. 'फुकट' या शब्दाकडेही जरा नीट बघा. पुष्कळ सॉफ्टवेअर घरगुती वापरापुरतं फुकट असतं आणि धंद्याला परवाना मागतं. तुमचं काम धंद्यात मोडतं. म्हणून खाली सांगितलेली साधनं मुक्त स्रोताची (ज्यांचा कोड सगळ्यांना खुला असतो अशी) किंवा विंडोजमध्येच असलेली निवडली आहेत. ती प्रत्येकाच्या मूळ संकेतस्थळावरूनच उतरवा. शोधल्यावर सगळ्यात वर जाहिरात म्हणून येणारा दुवा सोडून द्या, तिथे हुबेहूब दिसणारी बनावट पानं असतात.

आता टिकटिक करणाऱ्या डिस्ककडे या. हे काम आज संध्याकाळचं, उद्याचं नाही. क्रिस्टलडिस्कइन्फो हे छोटं जपानी साधन टाका. डिस्क जोडली की ती स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते, ती हे साधन वाचून दाखवतं. निळा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे सावध, लाल म्हणजे वाईट. रंगावर थांबू नका, खालच्या यादीत ०५, सी५ आणि सी६ या क्रमांकांच्या ओळी बघा. ०५ मध्ये खराब होऊन बदलीची जागा दिलेले सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे छोटे कप्पे, मोजलेले असतात, सी५ मध्ये वाचता न येऊन ताटकळलेले, सी६ मध्ये हात टेकलेले. तिन्ही ठिकाणी शून्य असेल तर उत्तम. सी५ मध्ये आकडा असेल आणि आठवड्याभरात तो वाढला, तर त्या डिस्कचे दिवस भरत आले. आणि ऐकू येणारी टिकटिक असेल, तर आकडे काहीही म्हणोत, मी त्या डिस्कवर विश्वास ठेवणार नाही.

अशा वेळी कुणीतरी हमखास सांगतं, "चेकडिस्क चालव, दुरुस्त होईल." नको. चेकडिस्क ही विंडोजची डिस्क-तपासणी आजारी डिस्कला तासन्‌तास पिळून काढते आणि त्यात तिचा उरलासुरला जीव जातो. आधी माल बाहेर काढा. त्यातही पुन्हा मिळणार नाही ते पहिल्यांदा: टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधला डेटा, गिऱ्हाइकांची खरेदी-विक्रीची बिलं, बागायतदारांच्या सातबाऱ्यांचे स्कॅन. पोर्टलवर परत मिळतात ती भरलेली रिटर्न्स मागाहून. चुकून काही पुसलं गेलं असेल तर टेस्टडिस्क आणि फोटोरेक ही फुकट जोडी पुष्कळदा फाइली परत आणते, पण तीसुद्धा डिस्क फिरती असेल तोवरच. खर्च करायचाच असेल तर एवढा एकच करा: नवी बाहेरची डिस्क. प्रो आवृत्तीचे पैसे वाचवून इथे घाला.

सी ड्राइव्हचं कोडं बहुतेकांना छळतं, म्हणून जरा सविस्तर. स्टार्टच्या बटणावर राइट क्लिक केलं की 'डिस्क मॅनेजमेंट' दिसतं. ते विंडोजचंच आहे, वेगळं काही टाकावं लागत नाही. तिथे डी वर 'श्रिंक व्हॉल्यूम' करून तुम्ही जागा मोकळी कराल आणि मोठ्या आशेने सी वर राइट क्लिक कराल, तर 'एक्स्टेंड व्हॉल्यूम' पुसट दिसेल, दाबताच येणार नाही. कारण साधं आहे. सी ला वाढण्यासाठी मोकळी जागा त्याच्या लगेच उजवीकडे लागते, आणि डी आखडला की जागा सुटते ती डी च्या शेवटी. मधे डी तसाच उभा. कित्येक लॅपटॉपमध्ये सी आणि डी च्या मधे रिकव्हरीचं छोटं पार्टिशनही बसलेलं असतं, तेही वाट अडवतं. जीपार्टेड हे मुक्त स्रोताचं साधन पेनड्राइव्हवरून सुरू करून पार्टिशन सरकवू शकतं. पण सरकवणं म्हणजे डी मधला सगळा माल डिस्कवर इकडून तिकडे उचलून ठेवणं. त्यात पावसाळ्यातली लाइट गेली आणि लॅपटॉपची बॅटरी जुनी असली, तर अर्धा माल इकडे, अर्धा तिकडे. शिवाय बिटलॉकरने बंद केलेल्या पार्टिशनचा आकार जीपार्टेडला बदलता येत नाही.

माझं मत विचाराल तर तुम्हाला पार्टिशनला हात लावायची गरजच नाही. विनडिरस्टॅट टाका. कुठल्या फोल्डरने किती जागा खाल्ली ते ते रंगीत चौकटींत दाखवतं, आणि ते धंद्यालाही फुकट आहे. बहुतेक वेळा दोषी सापडतात ते डाउनलोड्स, व्हॉट्सअ‍ॅपने साठवलेले फोटो आणि विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतर मागे राहिलेलं 'विंडोज डॉट ओल्ड'. हे शेवटचं हाताने पुसू नका. सेटिंग्जमध्ये 'स्टोरेज' आणि तिथे 'टेम्पररी फाइल्स'मधून काढा. मग डाउनलोड्स फोल्डरवर राइट क्लिक, 'प्रॉपर्टीज', 'लोकेशन', आणि तिथून ते डी वर हलवा. डॉक्युमेंट्सचंही तसंच. सी श्वास घेऊ लागेल.

आता एनक्रिप्शन. दुकानदार अर्धं बरोबर सांगतोय. बिटलॉकरचे सगळे पर्याय प्रो आवृत्तीतच मिळतात. पण होम आवृत्तीतही पुष्कळ नव्या लॅपटॉपवर 'डिव्हाइस एनक्रिप्शन' असतं. सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी' उघडा आणि ते दिसतं का बघा. दिसलं, तर लॅपटॉपसाठी तेच पुरे. लॅपटॉप चोरीला गेला तरी डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावून काही वाचता येणार नाही.

कदाचित ते आधीच चालू असेल, आणि इथे एक गोष्ट आजच तपासा. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून, मायक्रोसॉफ्ट खात्याने नव्याने सुरू केलेल्या बऱ्याच लॅपटॉपवर हे आपोआप चालू होतं. मदरबोर्ड बदलला किंवा कधी बायोस (लॅपटॉप सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट झालं, की निळ्या पडद्यावर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. ती की ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने लॅपटॉप सुरू केला त्या खात्यात असते. तुमचा लॅपटॉप दुकानातल्या मुलाने त्याच्याच कुठल्यातरी ईमेलने सुरू करून दिला असेल, तर ती की त्या ईमेलच्या खात्यात. अशाने स्वतःचाच लॅपटॉप परका होतो. तेव्हा खातं कुणाचं आहे ते बघा, तुमचं नसेल तर तुमचं करा, खात्यात जाऊन की शोधा आणि कागदावर छापून घ्या. की तुमच्या खात्यात दिसली नाही, तर डिव्हाइस एनक्रिप्शन एकदा बंद करून, डिस्क पूर्ण उघडी होऊ देऊन, स्वतःच्या खात्याने पुन्हा चालू करा.

डिव्हाइस एनक्रिप्शन नसेल तर, आणि पेनड्राइव्ह व बाहेरच्या डिस्कसाठी तर नक्कीच, व्हेराक्रिप्ट. पण भाचा म्हणतो तसं अख्खी डिस्क बंद करू नका, 'कंटेनर' करा. कंटेनर म्हणजे घरातल्या कपाटात बसवलेली तिजोरी: बाहेरून एकच फाइल दिसते, आणि पासवर्ड देऊन उघडली की ती एका वेगळ्या ड्राइव्हसारखी वापरता येते. व्हेराक्रिप्ट उघडा, 'क्रिएट व्हॉल्यूम', मग 'एनक्रिप्टेड फाइल कंटेनर', जागा डी वर, आकार समजा २० जीबी. एईएस आणि एसएचए-५१२ या कुलपाच्या पद्धती आधीच निवडलेल्या असतात, त्या तशाच राहू द्या. पुढे एका खिडकीत आकडे झरझर बदलत असतात आणि खाली एक पट्टी असते. त्या खिडकीत माऊस वेडावाकडा फिरवत राहा, पट्टी लालवरून हिरवी होईपर्यंत. तुमच्या हाताच्या त्या अनिश्चित हालचालीतून किल्ली घडते, म्हणून घाई करू नका. नंतर उघडताना यादीतलं एक अक्षर निवडा, समजा टी, आणि दर वेळी तेच ठेवा. टॅलीला डेटाचा मार्ग एकदा दाखवला की पुन्हा शोधावं लागणार नाही. काम झालं की आधी टॅली बंद करा, मग 'अनमाउंट'. जुन्या आवृत्तीत 'डिसमाउंट' लिहिलेलं असेल, दोन्ही एकच.

पासवर्ड दिल्यावर कंटेनर उघडायला थोडा वेळ लागतो, लॅपटॉप जुना असेल तर काही सेकंद. बिघाड समजू नका. पासवर्डपासून किल्ली काढायला व्हेराक्रिप्ट तेच गणित ५,००,००० वेळा करतं. तुम्हाला हे एकदाच सोसायचं, पासवर्डचे अंदाज लावत बसणाऱ्याला प्रत्येक अंदाजाला.

पेनड्राइव्हवर अख्खा ड्राइव्ह एनक्रिप्ट करायला मी का नको म्हणतो, तेही सांगतो. असा पेनड्राइव्ह कुठेही लावला की विंडोजला त्यात काही कळत नाही, आणि ते लगेच विचारतं, "वापरण्यापूर्वी डिस्क फॉरमॅट करायची का?" घाईत, फोन कानाला, समोर गिऱ्हाईक बसलेलं, माणूस 'फॉरमॅट' दाबून मोकळा होतो. कंटेनरची फाइल असेल तर हा प्रश्नच येत नाही. मात्र पेनड्राइव्ह आधी एक्सफॅट या प्रकारात फॉरमॅट करा, कारण फॅट३२ या जुन्या प्रकारात ४ जीबीहून मोठी फाइल मावत नाही. आणि परक्या मशीनवर व्हेराक्रिप्ट चालवायला अ‍ॅडमिनचे हक्क लागतात, ते सीएच्या ऑफिसात मिळतीलच असं नाही. तिथे न्यायच्या दोन-चार फाइलींसाठी सेव्हन-झिप हे फाइलींचं गाठोडं पासवर्डने बांधणारं साधन बरं.

सेव्हन-झिपमध्ये प्रकार '७झेड' ठेवा, पासवर्ड द्या आणि 'एनक्रिप्ट फाइल नेम्स'वर टिक करा. नाहीतर आतला मजकूर बंद, पण फाइलींच्या नावांवरून कुणाकुणाचं आधार आत आहे ते कुणीही वाचेल. समोरच्याला झिपच हवं असेल तर पद्धत बदलून एईएस-२५६ करा. झिपमध्ये जी जुनी 'झिपक्रिप्टो' आधीच निवडलेली असते, ती फोडण्याची रीत १९९४ सालीच जाहीर झाली आहे. पासवर्ड त्याच ईमेलमध्ये लिहू नका, फोनवर सांगा. आणि बंद फाइलीतून थेट डबल क्लिक करून काही उघडलं, तर त्याची उघडी प्रत टेम्प फोल्डरमध्ये तयार होते आणि कधीकधी तिथेच राहून जाते, हे लक्षात असू द्या.

गूगल ड्राइव्हवर प्रत ठेवायची असेल तर क्रिप्टोमेटर वापरा. ते प्रत्येक फाइल वेगळी बंद करतं, त्यामुळे एक बिल बदललं तर तेवढंच पुन्हा चढतं. व्हेराक्रिप्टचा २० जीबीचा कंटेनर तिथे टाकू नका. आत बदल केला तरी व्हेराक्रिप्ट फाइलची तारीख मुद्दाम जुनीच ठेवतं, आणि तारीख बघणाऱ्या ड्राइव्हला बदल झालाय हे कळतच नाही. लॅपटॉपवर क्रिप्टोमेटर फुकट आहे, अँड्रॉइडवर पैसे पडतात. २०२७ च्या सिंहस्थात शहरात जी गर्दी असेल ती तुम्हाला मी सांगायला नको. जे ड्राइव्हवरून मिळू शकतं ते पर्समध्ये घालून हिंडू नका.

फुकटचं साधन उद्या बंद पडलं तर? हा प्रश्न तुम्ही विचारला नाही, पण तुमच्या कामात तो येतोच, कारण जीएसटीची कागदपत्रं वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने जपावी लागतात. ट्रूक्रिप्ट नावाचं असंच लोकप्रिय साधन होतं. मे २०१४ मध्ये त्याच्या अनामिक निर्मात्यांनी एका दिवसात काम थांबवलं. पण त्याचा स्रोत खुला असल्याने २०१३ मध्येच त्याच्यातून व्हेराक्रिप्ट निघालं होतं. २०१६ मध्ये त्याची स्वतंत्र तपासणी झाली आणि सापडलेले बहुतेक मोठे दोष दुरुस्त केले गेले. ट्रूक्रिप्टचे जुने कंटेनर व्हेराक्रिप्ट १.२५.९ पर्यंत उघडत असे, १.२६ पासून नाही. ज्यांनी जुना माल वेळेवर नव्या कंटेनरमध्ये हलवला नाही त्यांना जुनी आवृत्ती शोधत बसावं लागलं. म्हणून दर वर्षी रिटर्नची धावपळ संपली की जुने कंटेनर एकदा उघडून पाहा, आणि व्हेराक्रिप्टची जी आवृत्ती वापरता तिची इन्स्टॉलेशन फाइलही जपून ठेवा.

आता पासवर्ड. २० अक्षरांहून लहान पासवर्ड दिला तर व्हेराक्रिप्ट स्वतःच सावध करतं. एकमेकांशी संबंध नसलेले पाच-सहा मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत सलग लिहा. देवनागरीत नको, दुसऱ्या मशीनवर मराठी कीबोर्ड नसेल तर अडकाल. आरतीची, अभंगाची, गाण्याची ओळ नको, माहितीतल्या ओळी अंदाज लावणारे पहिल्यांदा वापरून बघतात. मुलांची नावं, गाडीचा नंबर तर सोडाच. आणि तो कागदावर लिहा, अगदी निःसंकोच लिहा. तुमची चिंता पेनड्राइव्ह उचलणाऱ्या अनोळखी माणसाची आहे, तो तुमच्या बँकेच्या लॉकरमध्ये येणार नाही. एक पाकीट लॉकरमध्ये, दुसरं ज्याच्यावर पूर्ण भरवसा आहे अशा घरच्या माणसाकडे. पाकिटात पासवर्ड, कंटेनर कुठे आहे ते, आणि ती ४८ अंकी की. टॅलीत टॅलीव्हॉल्ट हे तिचं स्वतःचं कुलूप लावलं असेल तर त्याचाही पासवर्ड लिहा, तोही विसरला तर परत मिळत नाही. तुम्ही आजारी पडलात आणि तोंडावर जीएसटीची २० तारीख असली, तर त्या पाकिटाने तुमच्या गिऱ्हाइकांची अडचण वाचेल.

कामाचा दिवस निवडताना तारखा बघा. जीएसटी रिटर्नच्या मुदतीच्या, म्हणजे ११ आणि २० तारखेच्या आसपास यातलं काहीही करू नका. जीएसटीचं ३बी रिटर्न भरून झालं की २१-२२ ला निवांत बसा. प्रत नव्या डिस्कवर काढून झाली, की कंटेनर दुसऱ्या कुणाच्या लॅपटॉपवर, कागदावरचा पासवर्ड वाचून, उघडून बघा आणि आतलं एखादं जुनं बिल दिसतं का ते पाहा. तिथे उघडलं तरच मूळ उघड्या फाइली पुसा. भाच्याला त्या दिवशी जेवायला बोलवा, त्याच्या लॅपटॉपवर ही परीक्षा होऊन जाईल.

राहिली टिकटिक करणारी जुनी डिस्क. ती भंगारात देऊ नका, तिच्यात लोकांची वर्षानुवर्षांची कागदपत्रं आहेत, आणि पुसलेल्या फाइली फोटोरेकने जशा तुम्हाला परत मिळतात तशा दुसऱ्यालाही मिळतात. ती अजून चालत असेल तर 'क्विक फॉरमॅट'ची टिक काढून पूर्ण फॉरमॅट करा, त्यात विंडोज सगळीकडे शून्य लिहितं. मधेच बंद पडली, तर जवळच्या वर्कशॉपमध्ये नेऊन तिला आरपार दोन-तीन भोकं पाडून घ्या. अंबडच्या तुमच्या गिऱ्हाइकाकडे ड्रिल मशीन असेलच.